बी. ए.नंतरची बारावी

इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या बाईनं तिशीच्या तोंडावर बारावी सायन्सचा फॉर्म भरला की जो तो विचारतो, "आता कशाला?" मी माणूस बघून उत्तर द्यायचे. नातेवाइकांना सांगायचे, नोकरीत पुढे उपयोग होईल. मैत्रिणींना सांगायचे, हौस आहे. खरं कारण कुणाला पटलं नसतं, कारण त्याच्या मुळाशी निव्वळ चिडचीड होती.

तेव्हा मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडे पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत अहवाल लिहायचे. माण-खटावचा दुष्काळी पट्टा. याच जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आणि दुसऱ्या टोकाला माण, तिथं पाचशेच्या आसपास पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. देणगीदारांना दर सहा महिन्यांनी अहवाल लागायचा आणि मला लिहिता यायचं. बी. ए.नं एक कसब पक्कं दिलं होतं : चार कागद वाचायचे आणि त्यांवरून दोन पानं ठाम, ओघवती लिहून द्यायची. 'भूजल पुनर्भरण', 'जलधर', 'भूस्तररचना' हे शब्द माझ्या हाताखालून सराईतपणे जायचे. महिन्यातून एकदा संस्थेचे भूवैज्ञानिक सल्लागार यायचे. विहिरीत वाकून बघायचे, हातोडीनं एखादा दगड फोडायचे आणि म्हणायचे, "बंधारा इथं नको, दोनशे मीटर वर घ्या." मी लिहून घ्यायचे. का, असं विचारलं तर ते सांगायचेही. पण त्यांचं सांगणं बरोबर की चूक हे ताडून बघायला माझ्याजवळ काही नव्हतं. बखरीतली एखादी हकीगत खोटी वाटली तर मी तिच्याशी भांडू शकत होते. दुसरा कागद काढायचा, पत्रांच्या तारखा लावायच्या, लिहिणाऱ्याचा हितसंबंध शोधायचा. दगडापुढे मात्र मी नुसती कारकून. जे न तपासता लिहितेय ते माझ्या नावानं छापलं जातंय, ही गोष्ट मला खुपायला लागली.

मी आर्ट्सला गेले ती इतिहासाच्या प्रेमानं नव्हे. आमच्या गावाजवळच्या कॉलेजात फक्त आर्ट्स होतं. सायन्सला जायचं तर दोन एसट्या बदलायच्या, आणि संध्याकाळची परतीची गाडी भरवशाची नव्हती. मुलीच्या जातीला ते जमणार नाही, असं घरात ठरलं. दहावीला गणितात बरे मार्क होते, ते तसेच मार्कशीटवर राहिले. आपल्याकडे शाखा मार्कांवरून ठरते असं म्हणतात. खेड्यात ती एसटीच्या वेळापत्रकावरून ठरते. पुढे इतिहासाची गोडी लागली हे खरं, पण ती लागली नंतर.

परत जायचं म्हटल्यावर पहिला अडसर नियमाचा. बी. एस्सी. झालेला मुलगा उद्या इतिहासात एम. ए. करू शकतो, त्याला कुणी अडवत नाही. उलट दिशेनं जायचं तर तेव्हा बी. ए.ची पदवी शून्य धरली जायची, बी. एस्सी.ला प्रवेश हवा तर बारावी सायन्स लागायची. नोकरी सांभाळून बारावी करायला मला सापडलेली वाट म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती सुरू झाली. वयाची अट नाही, विषय निवडता येतात, परीक्षा वर्षातून दोनदा. प्रात्यक्षिकांना अभ्यासकेंद्रावर जायचं. तिथं माझ्यासारखेच वाट चुकलेले आणि वाट शोधणारे भेटले : मेडिकलची प्रवेशपरीक्षा देता यावी म्हणून जीवशास्त्र घेणारा कॉमर्सचा मुलगा, लग्नामुळे शिक्षण सुटलेली एक बाई, क्रिकेटपायी शाळा सोडलेला एक जण.

पुढे कॉलेजात प्रवेशाच्या वेळी खरी गंमत झाली. कारकुनानं माझे कागद दोनदा उलटसुलट केले. "मॅडम, डिग्री आधीची आणि बारावी नंतरची? तारखा उलट्या कशा?" मधल्या वर्षांसाठी स्टॅम्पपेपरवर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागलं. त्यात छापील मजकूर होता की या काळात अर्जदारानं कुठंही शिक्षण घेतलेलं नाही. मी म्हटलं, पदवी घेतलीय की. तो म्हणाला, "ती धरायची नाही." मग मी नोटरीसमोर सही केली.

हे सगळं सोपं वाटावं अशी वेळ गणितानं आणली. आमच्या पेठेत एक निवृत्त शिक्षक राहायचे. त्यांनी बारावीचं पुस्तक बाजूला सारलं आणि नववीच्या बीजगणितापासून धरलं. रोज संध्याकाळी एक प्रकार समजावून सांगायचे. "समजलं?" मी म्हणायचे, "हो सर." ते पुस्तक मिटायचे. "मग आता करून दाखव." आणि हात थांबायचा. पाच मिनिटांपूर्वी प्रत्येक पायरी लख्ख कळलेली असायची. कोऱ्या कागदावर पहिली ओळही सुचायची नाही.

मला वाटतं, माणूस आर्ट्सकडून सायन्सकडे येतो तेव्हा तो इथं अडतो, बुद्धीपाशी नाही. इतिहासात एखादा युक्तिवाद समजला की काम बरंचसं झालेलं असतं. समजलं म्हणजे आपल्या शब्दांत मांडता येतं, मांडता आलं म्हणजे मार्क मिळतात. इथं समजणं ही सुरुवातसुद्धा नव्हती. यमन ऐकून ओळखता येतो म्हणून तो गळ्यातून निघत नाही, तशातली गत. सर एकाच प्रकारची वीस-वीस उदाहरणं घालायचे. सातव्या-आठव्या उदाहरणापर्यंत मला त्यांचा राग यायचा, बाराव्यापाशी कंटाळा, आणि कधीतरी सोळा-सतराच्या आसपास हात आपोआप चालायला लागायचा. तेव्हा लक्षात यायचं की सुरुवातीला जे 'समजलं' होतं ते फार वरवरचं होतं. लॉगची कोष्टकं, त्रिकोणमिती, आलेखाचा उतार, सगळं असंच आलं. कलनशास्त्र मात्र आजही मला जेमतेम येतं. परीक्षेपुरतं आलं, पुढे गंजलं. आजही त्याची गरज पडली की मी दुसऱ्याला विचारते.

भाषेचा प्रश्नही होता, पण लोक समजतात तेवढा नाही. पुस्तकं इंग्रजी, मी मराठी माध्यमाची. मी आधी मराठी विश्वकोशातल्या भूविज्ञानाच्या नोंदी वाचायचे. त्या नोंदी जुन्या वळणाच्या, पण नेटक्या आहेत. मराठीत सगळं एकदा डोक्यात बसलं की इंग्रजी प्रकरण निम्म्या वेळात उरकायचं. वर्गातली मुलं हसायची, नंतर त्यांतली दोन-तीन जणं माझ्याकडून त्याच नोंदींच्या झेरॉक्स न्यायला लागली.

वर्गात मी सगळ्यांची ताई. माझ्याहून वयानं लहान असलेल्या एका मॅडम मला पहिले काही आठवडे 'तुम्ही' म्हणायच्या आणि बाकीच्यांना 'तू'. मग त्यांनीच ठरवलं आणि मलाही 'तू' म्हणायला लागल्या. फार बरं वाटलं.

पहिल्या वर्षाला भूशास्त्राबरोबर भौतिकशास्त्र होतं. लंबकाच्या प्रयोगानं गुरुत्वत्वरण काढायचं होतं. दोऱ्याची लांबी मोजा, वीस आंदोलनांचा वेळ घ्या, सूत्रात घाला. माझं उत्तर ९.९२ आलं. शेजारच्या टेबलांवर सगळ्यांचं ९.८, कुणाचं ९.८१. पुन्हा केलं, पुन्हा ९.९ च्या वर. शेजारचा मुलगा दयेनं म्हणाला, "ताई, आधी उत्तर लिहा, मग वेळा मागून काढा. सगळे तसंच करतात." म्हणजे ९.८ धरायचं आणि त्याला जुळतील असे सेकंद रकान्यात भरायचे. हे त्यांना लबाडी वाटतच नव्हतं. जर्नल पुरं करण्याची ती रीत होती.

मला धक्का बसला तो इतिहासाच्या विद्यार्थिनीला बसावा तसा. सनद आधी ठरवायची आणि मग तिच्यासाठी जुना कागद शोधायचा, याला आमच्याकडे बनावट दस्तऐवज म्हणतात. मी ९.९२ तसंच ठेवून प्रयोगशाळेतल्या सरांकडे गेले. त्यांनी सेकंद तपासले, ते ठीक होते. मग त्यांनी मीटरपट्टी उचलली आणि तिचं टोक दाखवलं. वर्षानुवर्षं टेबलावर आपटून पट्टीचा शून्याकडचा भाग काही मिलिमीटर झिजलेला होता. अर्ध्या मीटरच्या दोऱ्याची लांबी त्यामुळे सहा-सात मिलिमीटरनं जास्त वाचली जात होती, आणि उत्तर तेवढ्या प्रमाणात वर सरकत होतं. "शून्यापासून मोजायचंच नाही," सर म्हणाले, "दहाच्या खुणेपासून धर आणि नंतर दहा वजा कर." माझं उत्तर खाली आलं. पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत राहिलं : त्या झिजलेल्या पट्टीनं आधीच्या किती तुकड्यांनी मोजलं असेल, आणि त्या सगळ्यांच्या जर्नलात ९.८ लिहिलेलं आहे.

विज्ञान शाखा म्हणजे आपोआप वैज्ञानिक दृष्टी, असं मानणाऱ्यांना मी ही पट्टी दाखवीन. दहावीला नव्वद टक्के मिळवलेली ती हुशार मुलं होती. त्यांना सूत्रं माझ्या दसपट वेगानं यायची. आकडा हा पुरावा असतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

भूशास्त्रात ज्या दिवसांनी मला बदललं ते दगड घासण्यात गेले. खडक सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तर त्याचा पातळ काप करावा लागतो. आधी खडकाची चकती कापून घ्यायची. काचेच्या तावदानावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकायचं आणि चकतीची एक बाजू त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत घासायची. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. ती बाजू गुळगुळीत झाली की तापवलेल्या कॅनडा बाल्समनं काचपट्टीवर चिकटवायची; मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. आणि मग दुसरी बाजू घासायला घ्यायची, जोवर दगडाची जाडी ०.०३ मिलिमीटर होत नाही तोवर. एवढ्या जाडीचा काळाकभिन्न बेसाल्टसुद्धा पारदर्शक होतो.

ही जाडी कशानं मोजायची? पट्टीनं नाही, रंगानं. सूक्ष्मदर्शकाचे दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात आडवे घातले की बेसाल्टमधलं प्लॅजिओक्लेज हे खनिज बरोबर जाडीला करडं-पांढरं दिसतं. पिवळसर दिसलं तर काप अजून जाड आहे. मग पुन्हा घासायचं, पुन्हा बघायचं. शेवटच्या टप्प्यावर बोटांना कळायला लागतं की पट्टीवर आता जवळजवळ काहीच उरलेलं नाही. चार फेरे जास्त झाले की कोपरा उडतो आणि मग बघता बघता सगळा दगड गढूळ पाण्याबरोबर निघून जातो. माझे बरेच काप असे वाहून गेले. सगळ्यांचेच जातात.

पिवळा रंग दिसत असताना मी एकदा मॅडमना म्हटलं, "साधारण करडाच आहे." त्यांनी डोळा लावला आणि उठल्या. "पिवळा आहे." बस्स. इतिहासाच्या चर्चासत्रात 'साधारण करडा' हे मत मी अर्धा तास लढवलं असतं आणि कदाचित जिंकलेही असते. इथं वादाला जागाच नव्हती. आधी त्याचा अपमान वाटला, पुढे पुढे त्यातच फार निवांत वाटायला लागलं. आणि जेव्हा काप जमला, तेव्हा माझ्या आजोळच्या घराच्या पायातला तो ओळखीचा काळा दगड आतून दिसला : काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्लॅजिओक्लेजचे लांबट स्फटिक, त्यांच्या मधे रंगीत ऑजाइट, अधूनमधून मॅग्नेटाइटचे काळे ठिपके. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. मी आणखी वर्णन करत नाही. तेव्हा वहीत केलं होतं तर मॅडमनी विशेषणं खोडून टाकली होती.

त्यांना विशेषणांचं वावडंच होतं. बदामीच्या सहलीत त्याचा कहर झाला. पश्चिम महाराष्ट्रात जिकडे बघावं तिकडे बेसाल्ट, म्हणून आमच्यासारख्या कॉलेजांना दुसरे खडक बघायला बाहेर जावं लागतं, आणि बदामी-बागलकोट तसं जवळचं. मी तिथं बी. ए.ला असताना गेलेले होते. तेव्हा चार लेणी, तिसऱ्या लेण्यातला मंगलेशाचा शके ५०० म्हणजे इसवी सन ५७८ चा शिलालेख, विष्णू, वराह, चालुक्यांची वंशावळ, असं सगळं वहीत उतरवून आले होते. लेण्यांच्या भिंतीवरचे तांबडे-जांभळे पट्टे तेव्हाही दिसले होते. मी त्यांना दगडाचा रंग समजले.

या वेळी मूर्तींकडे पाठ करून त्याच भिंतीपुढे बसायचं होतं. ते पट्टे म्हणजे वाळूचे थर. काही थरांच्या आत बारीक रेषा तिरक्या गेलेल्या दिसतात, त्यांच्या कलावरून वाळू आणणाऱ्या प्रवाहाची दिशा काढता येते. आम्ही क्लायनोमीटरनं कल मोजत बसलो. भूशास्त्रात या वालुकाश्माला नावही लेण्यांवरूनच मिळालंय, केव्ह टेंपल अरेनाइट. त्याच परिसरात खालचे, आणखी जुने थर वाकलेले, कललेले आहेत आणि वरचा हा वालुकाश्म जवळजवळ आडवा पसरलाय. म्हणजे खालचे थर साचले, त्यांना घड्या पडल्या, ते झिजून सपाट झाले, आणि मग त्यांवर ही वाळू आली. यातलं सगळ्यात अलीकडचंसुद्धा पन्नास कोटी वर्षांहून कितीतरी जुनं. मी रेखाटनाखाली लिहिलं, 'भव्य कडा'. मॅडम म्हणाल्या, "भव्य म्हणजे किती मीटर?" आणि रेखाटनात प्रमाणासाठी हातोडी काढायला लावली.

तिसऱ्या लेण्याशी पुन्हा गेले तेव्हा तिथं दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजची इतिहासाची सहल आलेली होती. त्यांचे सर वराहाबद्दल छान बोलत होते. मी मागं उभी राहून ऐकलं. मला दोन्ही हवं होतं, आणि त्या दिवसाच्या वेळापत्रकात दोन्ही बसत नव्हतं, एवढंच.

त्याच काळात मी धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी पुन्हा वाचायला काढले. बी. ए.ला ते आम्हाला इतिहासकार म्हणून होते. मुळात गणिती, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, ही एक गमतीची माहिती म्हणून सांगितली जायची. त्यांनी आहत नाण्यांच्या निधींतली नाणी वजन करून पाहिली. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं, म्हणून मोठ्या संख्येनं वजनं घेतली तर कुठली नाणी किती फिरली याचा अंदाज बांधता येतो. बी. ए.ला ही आकडेमोडीची पानं मी उलटून पुढं गेले होते. आता मला तीच आधी वाचावीशी वाटली. आणि भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतला चार्ल्स लायल हा ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकून वकील झालेला माणूस, हेही तेव्हाच कळलं. ही माहिती मी नातेवाइकांना सांगून पाहिली. उपयोग झाला नाही.

तारखांची मात्र सवय व्हायला वेळ लागला. इतिहासात शिवजन्म १६२७ चा की १६३० चा यावर आपल्याकडे कित्येक दशकं वाद घातला गेला. लोणारच्या विवराचं वय जुन्या मोजणीत पन्नास हजार वर्षांच्या आसपास येत होतं. २०११ साली आरगॉनच्या पद्धतीनं ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात आलं. दहापटीहून जास्त फरक. मला वाटलं, आता इथं मोर्चे निघतील. तर लेखात नव्या आकड्यापुढे अधिक-उणे सत्तेचाळीस हजार लिहिलेलं होतं, आणि जुन्या पद्धतीनं कमी का आलं असेल यावर शांत चर्चा. ते अधिक-उणे मला आवडलं. आपल्याला किती माहीत नाही हेसुद्धा आकड्यात लिहायचं, असं आर्ट्समध्ये मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझी आजी पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तिचं घर पडलं. ती शेवटपर्यंत म्हणायची, "धरणात पाणी भरलं म्हणून झाला." आज कोयना हे जलाशयामुळे भूकंप होण्याच्या, जगात सर्वाधिक अभ्यासलेल्या उदाहरणांपैकी एक आहे. तिथं तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलंय. सव्वा किलोमीटरभर लाव्हाचे थर आणि खाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. आजीचं म्हणणं मी पूर्वी 'मौखिक साक्ष' म्हणून नोंदवलं असतं आणि सोडून दिलं असतं. आता मला जलाशयाच्या पातळीचा आलेख आणि धक्क्यांच्या संख्येचा आलेख शेजारी शेजारी हवा असतो. आजी बरोबर होती, पण ती बरोबर आहे हे आजीला दाखवता आलं नसतं.

किंमत काय पडली तेही सांगते. बी. एस्सी. होईपर्यंत सरकारी भरतीची वयोमर्यादा हाताशी येऊन ठेपली होती. भूजल खात्याची जाहिरात निघाली तेव्हा मी त्यात बसले नाही. पगार अहवाल लिहिताना होता त्याहून फारसा वाढला नाही. त्या वर्षांत कादंबरी हातात धरली की अपराधी वाटायचं, आणि ती सवय पुढंही काही काळ गेली नाही. नात्यांतली काही माणसं दुरावली. "आर्ट्सच्या पार्श्वभूमीमुळे तुम्हाला व्यापक दृष्टी मिळाली असेल ना?" असं कुणी विचारलं की मला आजही चीड येते. व्यापक दृष्टी होतीच. तिच्यासकट मी विहिरीच्या काठावर अडाणी उभी होते.

पण इतिहासाचं एक कौशल्य कामाला आलं, आणि ते अगदी व्यवहारातलं आहे : माणसांना काय विचारायचं. आता मी गावांमध्ये विहिरींची पाहणी करते. "पाणी कुठं लागलं?" असं विचारलं तर प्रत्येक शेतकरी काहीतरी सांगतो, कारण त्याला वाटतं की पाणी लागलं असं सांगायला हवं. म्हणून मी विचारते, "खणताना पहिला सुरुंग किती फुटांवर लावला?" ते कुणी विसरत नाही, कारण तिथून खर्च वाढलेला असतो. सुरुंग लागला तिथं मुरूम संपून कठीण काळा फत्तर सुरू झाला. मग, "लाल गेरूचा थर लागला का? त्याच्या वर पाझर होता की खाली?" दोन लाव्हाप्रवाहांच्या मधला हा तांबडा थर असतो. शेजारच्या दोन-तीन विहिरींत तेच विचारायचं, जमिनीच्या उंचीचा हिशोब धरायचा आणि कागदावर छेद काढायचा. तांबडा थर सगळीकडे एकाच उंचीवर आला तर साक्षी जुळल्या. एकाचा जुळला नाही तर बहुतेक वेळा विहीर वडिलांनी खणलेली असते आणि माहिती ऐकीव असते.

हेच पाणाड्याच्या बाबतीत. तळहातावर नारळ घेऊन तो शेतातून चालतो, नारळ उभा राहिला की इथं पाणी. मी त्याच्याशी भांडत नाही. त्यानं दाखवलेल्या जागांची नोंद ठेवते. लोकांना त्याच्या लागलेल्या बोअर पाठ असतात, फेल गेलेल्या कुणी मोजत नाही. जुन्या दप्तरांचंही असंच असतं, जे जळलं-वाळवीनं खाल्लं त्याची यादी नसते. कुजलेल्या मुरमाच्या पट्ट्यात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतं, त्यात नारळाचंही नाव होतं.

सगळ्यात कठीण जातं ते थोडक्या पाण्याचा हिशोब सांगणं. 'पाणीपातळी एक मीटरनं वाढली', हे वाक्य अहवालात भारदस्त दिसतं. आमच्याकडच्या बेसाल्टमध्ये शंभर घनमीटर खडकातून विहिरीला मिळतं ते साधारण दोन घनमीटर पाणी. एक हेक्टर जमिनीखाली एक मीटर पातळी वाढली म्हणजे दहा हजार घनमीटर खडक भिजला, आणि हाती येणार दोनशे घनमीटर. दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर. ग्रामसभेत मी हा गुणाकार फळ्यावर करून दाखवते, सावकाश, लोकांना वहीत उतरवून घ्यायला सांगत. "समजलं का?" असं विचारत नाही. आपापल्या शेताचं क्षेत्र घालून त्यांनाच करायला लावते. कोपऱ्यात बसलेली पोरं मोबाइलवर करतात, म्हातारी माणसं बोटांवर, आणि दहा मिनिटांत चार जणांची चार उत्तरं येऊन भांडण सुरू होतं. मग बोअर किती घ्यायच्या, कांदा किती लावायचा, या विषयाला हात घालता येतो.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका सभेनंतर मी दोन पानांचा मराठी अहवाल वाटला. छेद, आकडे, अधिक-उणेसकट. एका तात्यांनी चष्मा लावून तो तिथंच सगळा वाचला, एका ठिकाणी बोट ठेवून बेरीज तपासली, आणि म्हणाले, "ताई, बाकी ठीक आहे, पण ही मीटरची भानगड काढा. आमची विहीर परसात मोजायची." मी फुटात करून देते म्हटलं. "फूट चालेल," ते म्हणाले, "पण परस किती ते कंसात लिहा." एका परसाचे फूट किती यावर मग तिथल्याच दोघांचं जमेना, आणि आम्ही सगळे टेप घेऊन तात्यांच्या विहिरीवर गेलो.